अनुपस्थित गुरू आणि अध्ययनसमूह : बीड जिल्ह्यातील दूरस्थ उच्चशिक्षणाच्या निमित्ताने

'अध्ययनसमूह' ही संज्ञा अलीकडे शिक्षणविषयक परिपत्रकांतून आणि चर्चासत्रांच्या विषयपत्रिकांतून इतक्या सहजतेने वापरली जाते की तिचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे. पन्नास-साठ विद्यार्थ्यांचे भ्रमणध्वनी क्रमांक एकत्र करून व्हॉट्सॲपवर गट उघडला की समूह झाला, आणि ठरावीक वेळी सर्वांनी गूगल मीटवर हजेरी लावली की अध्यापन झाले, असा एक समज २०२० नंतर महाविद्यालयांतून रूढ झालेला दिसतो. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात महाविद्यालये बंद झाली तेव्हा ही तातडीची सोय होती आणि सोय म्हणून तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु तातडीची सोय जेव्हा पद्धती म्हणून स्थिरावू लागते, तेव्हा तिची चिकित्सा करणे भाग पडते. प्रस्तुत लेखात ही चिकित्सा मराठी साहित्याच्या पदव्युत्तर अध्ययनापुरती आणि मुख्यतः बीड जिल्ह्याच्या संदर्भात करावयाची आहे. मराठीच्या अध्यापकाने शिक्षणशास्त्राच्या प्रांतात का शिरावे, असा प्रश्न कोणी उपस्थित करील. त्याचे उत्तर असे की, गुरू समोर नसताना समूहाने कसे शिकावे हा प्रश्न मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळातच उभा राहिला होता. आणि त्याला त्या काळी दिले गेलेले उत्तर आजही विचारात घेण्याजोगे आहे.

प्रथम दूरस्थ शिक्षणाचा अलीकडचा इतिहास थोडक्यात ध्यानात घेऊ. आपल्या देशात विद्यापीठीय पातळीवर पत्रद्वारा शिक्षणाचा आरंभ १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने केला. महाराष्ट्रात १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे या विद्यापीठाचे ब्रीद. बारावीची पायरी न चढलेल्या प्रौढालाही पूर्वतयारी शिक्षणक्रमाद्वारे पदवीच्या वाटेवर येता यावे, ही त्याची भूमिका क्रांतिकारक होती, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. या विद्यापीठाने स्वतःची एक परिभाषा घडविली. 'अभ्यासक्रमा'ऐवजी 'शिक्षणक्रम', 'प्राध्यापका'ऐवजी 'समंत्रक', 'तासिके'ऐवजी 'संपर्कसत्र' हे शब्द निव्वळ नावीन्याच्या हौसेने आलेले नाहीत. समंत्रक हा शिकविणारा नव्हे, तर विद्यार्थ्याने स्वतः वाचून आणलेल्या अडचणींवर त्याच्याशी विचारविनिमय करणारा, अशी ती कल्पना होती. प्रत्यक्षात अनेक संपर्कसत्रांतून जुनीच व्याख्याने होत राहिली, हा भाग निराळा.

मुक्त विद्यापीठाच्या या रचनेत पुस्तक घरी येत असे, पण विद्यार्थ्याला महिन्यातून काही वेळा घर सोडून अभ्यासकेंद्रावर जावे लागे. केज, धारूर, गेवराई, पाटोदा अशा तालुक्याच्या गावी, बहुधा एखाद्या महाविद्यालयाच्या इमारतीत, सुटीच्या दिवशी एसटीने आलेली माणसे एकत्र बसत. त्यांत तलाठी असे, अंगणवाडी सेविका असे, शिक्षण अर्धवट राहिलेली सून असे. सत्राच्या आधी आणि नंतर, चहाच्या टपरीवर किंवा बसस्थानकाच्या बाकावर जे बोलणे होई, त्याची नोंद कोणत्याही अहवालात नाही. माझ्या मते खरा अध्ययनसमूह जर कोठे घडत असेल तर तो तेथे घडत होता. आंतरजालावरील शिक्षणाने पुस्तक ठेवले, व्याख्यान ठेवले, किंबहुना दोन्ही वाढविली. बसस्थानकावरचे बाक मात्र काढून घेतले. या एका वजाबाकीचा विचार न करता 'ऑनलाईन अध्ययनसमूह' उभारण्याच्या गोष्टी करणे व्यर्थ आहे.

पाश्चात्त्य अभ्यासकांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. मायकेल मूर यांनी दूरस्थ शिक्षणातील 'अंतर' हे मैलांचे नसून देवघेवीचे असते, असे प्रतिपादन केले. अभ्यासक्रमाची चौकट जितकी ताठर आणि संवाद जितका कमी, तितके हे अंतर अधिक. या न्यायाने एकाच वर्गात पहिल्या आणि शेवटच्या बाकामध्येही मोठे अंतर असू शकते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक आहे. पुढे २००० मध्ये कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठातील गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तिघांनी 'जिज्ञासासमूहा'ची संकल्पना मांडली. ज्ञानात्मक, सामाजिक आणि अध्यापकीय अशा तीन प्रकारच्या उपस्थिती एकत्र आल्या म्हणजे असा समूह सिद्ध होतो, असे त्यांचे म्हणणे. ही संकल्पना आपल्याकडील शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतून वारंवार उद्धृत होते. मात्र तिच्याविषयीची एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या तिघांपुढे होती ती चित्रफितीवरची किंवा पडद्यावरची शिकवणी नव्हे. संगणकाच्या साहाय्याने चालणारी, लिखित आणि सावकाश होणारी चर्चा हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. एकाने आज लिहावे, दुसऱ्याने विचार करून परवा उत्तर द्यावे, अशी ती रीत. सर्वांनी एकाच क्षणी पडद्यासमोर असणे ही अट तिच्यात नव्हतीच. आपण संकल्पना घेतली ती या सावकाशपणाला वगळून.

येथे आपल्या वाङ्मयाकडे वळले पाहिजे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीचक्रधरांनी उत्तरापंथे गमन केले आणि त्यांच्या शिष्यपरिवारापुढे गुरूच्या अनुपस्थितीचा प्रश्न उभा राहिला. नागदेवाचार्यांच्या नेतृत्वाखाली ऋद्धिपूर परिसरात जमलेल्या या परिवाराने तो प्रश्न ज्या रीतीने सोडविला, ती रीत दूरस्थ अध्ययनाचा विचार करणाऱ्याने बारकाईने पाहावी अशी आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करण्याचे काम हाती घेतले. ज्याला जी लीळा प्रत्यक्ष ठाऊक, त्याच्याकडे जाऊन त्यांनी ती ऐकली, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतली आणि मग नोंदविली. पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाल्यावर ग्रंथ पुन्हा स्मरणातून उभा करावा लागला, अशी परंपरा सांगते. त्यामुळे हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास अशा नावांशी निगडित निरनिराळे पाठ अस्तित्वात आले. महत्त्वाची गोष्ट ही की, एखाद्या प्रसंगाविषयी दोघांचे स्मरण जुळत नसेल, तर त्यांतील एक खोडून दुसरे ठेवण्याऐवजी महानुभावांनी ते दुसरे स्मरणही 'वासना' म्हणून नोंदवून ठेवले. पाठभेदाला 'वासना' म्हणण्यातील सूचकता सोडून दिली तरी, मतभेद हा समूहाच्या दप्तरातला अधिकृत दस्तऐवज मानण्याची ही वृत्ती असामान्य म्हटली पाहिजे.

महानुभावांचा हा दाखला केवळ पांडित्यप्रदर्शनासाठी घेतलेला नाही. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी पांचाळेश्वर हे त्यांचे मोठे तीर्थस्थान आहे. या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला ते नाव परके नाही. तरीही लीळाचरित्र तो शिकतो ते 'मराठीतील आद्य गद्यचरित्र' या एका वाक्यापुरते. तो ग्रंथ म्हणजे विखुरलेल्या माणसांनी परस्परांच्या साक्षीने केलेला अभ्यास होय, हे त्याला सांगितले जात नाही. या समूहाला एकत्र बांधणाऱ्या गोष्टी माझ्या दृष्टीने तीन होत्या : सर्वांसमोर असलेला एकच विषय, प्रत्येकाकडून अपेक्षित असलेली साक्ष, आणि ती साक्ष तपासून जतन करणारा कोणीतरी. सहवास होता, पण तो सततचा नव्हता.

अंबाजोगाई येथील दासोपंतांची पासोडी हे याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५ असा सांगितला जातो. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनी पंचीकरण हा वेदान्तविषय लिहून काढला. या पासोडीचा विचार बहुधा एक नवल म्हणून केला जातो. तिच्याकडे अध्यापनाचे साधन म्हणून पाहिले तर निराळाच अर्थ दिसू लागतो. पोथी एकट्याने पुढ्यात घेऊन वाचता येते. पासोडी तशी वाचता येत नाही. ती पसरावी किंवा टांगावी लागते, आणि एकदा पसरली की तिच्यापुढे एकापेक्षा अधिक माणसांना उभे राहता येते. वाचनाचे साधनच असे की ते समूहाला पाचारण करते. (दासोपंतांचा हेतू हाच होता, असा माझा दावा नाही, वस्तूच्या आकारातून निघणारा हा अर्थ आहे.) याउलट हातातला भ्रमणध्वनी हे मुळात एकट्याचे साधन. त्यावर समूह घडवायचा तर मजकूर मुद्दाम असा निवडावा लागतो की तो एकट्याला पुरा पडू नये.

समूहवाचनाचे आपल्याकडील सर्वांत परिचित रूप म्हणजे हरिनाम सप्ताहातील पारायण. बीड जिल्ह्यात असे गाव विरळा, जेथे सप्ताह होत नाही. व्यासपीठचालक पुढे वाचतो आणि शंभर माणसे आपापली ज्ञानेश्वरी उघडून त्याच्यामागे वाचत जातात. या वाचनाचे भक्तिमूल्य वादातीत आहे, त्यातून अनेक निरक्षर स्त्रीपुरुषांच्या कानांवर शेकडो ओव्या रुजल्या, हेही खरे. परंतु पारायणात शंका विचारावयाची नसते. ते निरूपणाचे काम. आपल्या ऑनलाईन तासिकेने आकार घेतला तो पारायणाचा. अध्यापक पुढे वाचतो, बाकीचे आपापल्या चौकटीत मूक असतात, शेवटी 'येस सर' असे लिहून उपस्थिती नोंदवितात. पारायणानंतर पंगत तरी असते.

आता या जिल्ह्याचे जे खास वास्तव आहे त्याकडे वळतो. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील मजूर मोठ्या संख्येने ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. ही माणसे परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. शाळकरी मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली; त्यांचे यशापयश हा स्वतंत्र विषय आहे. पदव्युत्तर वर्गात आलेला मुलगा मात्र आता मिळवता समजला जातो. तो टोळीबरोबर गेला, तर विद्यापीठाच्या सत्रपद्धतीचे आणि त्याच्या आयुष्याचे वेळापत्रक एकमेकांना छेद देतात. एक सत्र संपता संपता तो गाव सोडतो, दुसरे संपत येते तेव्हा परततो. ऑनलाईन शिक्षण अशा विद्यार्थ्यासाठी वरदान ठरेल, असे वरवर पाहता वाटते; स्थळाची अडचण त्याने दूर केली हे खरेच. पण तोडीवरच्या विद्यार्थ्याची मुख्य अडचण वेळेची आहे. पहाटे अंधारात फडात उतरलेल्या आणि गाडी भरून होईपर्यंत मोकळ्या न होणाऱ्या माणसाला सकाळी अकराची तासिका कॅनडाइतकीच दूर. रात्री कोपीत परतल्यावर, भ्रमणध्वनी प्रभारित असेल आणि संपर्क मिळत असेल, तर अर्धा तास त्याच्या हाती असतो. त्या अर्ध्या तासात बसेल असे अध्ययन आपण योजिले आहे काय, हा खरा प्रश्न. एकाच वेळी सर्वांची उपस्थिती मागणारी प्रत्येक व्यवस्था या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशीच वगळते, मग ती कितीही आधुनिक असो.

स्त्रियांच्या संदर्भात प्रश्न याहून नाजूक आहे, आणि त्याची चर्चा चर्चासत्रांतून मी फारशी ऐकलेली नाही. 'घरबसल्या शिक्षण' या शब्दप्रयोगाचा आपण गौरवाने उच्चार करतो. नोकरी करणाऱ्या पुरुषाला ती सोय आहे. विवाहित विद्यार्थिनीला घरी बसणे ही सोय नसते. ती तिची मूळ परिस्थितीच असते. अभ्यासकेंद्राचे संपर्कसत्र हे तिला घराबाहेर पडण्याचे एक सन्मान्य, सर्वमान्य कारण होते. सत्राला जायचे म्हणून ती तालुक्याला येई, ग्रंथालयात डोकावे, बरोबरीच्या दोघींशी बोले. शिक्षण घरात आले तसे हे कारण संपले. शिवाय घरातील भ्रमणध्वनी एकच असेल तर तो तिच्या हाती केव्हा येईल, हे तिने ठरवायचे नसते. आणखी एक अडचण अगदी व्यावहारिक. गटात सामील होताच तिचा क्रमांक अनोळखी पन्नास जणांसमोर उघडा होतो. एका विद्यार्थिनीने पहिल्याच आठवड्यात गट सोडला. कारण विचारता तिने अभ्यासाचे नाव काढले नाही, 'क्रमांक सगळ्यांना दिसतो' एवढेच सांगितले. अशा विद्यार्थिनीच्या मौनाला 'अनास्था' म्हणून गुणपत्रकात नोंदविणे हा अन्याय होईल. लहान गट, मुलींचा हवा असल्यास स्वतंत्र गट, आणि क्रमांक न दाखविता उत्तर पाठविण्याची एखादी वाट, या गोष्टी तांत्रिक तपशील म्हणून बाजूला सारता येण्यासारख्या नाहीत. सामाजिक उपस्थितीची सुरुवात तेथूनच होते.

मग अशा परिस्थितीत मराठीच्या पदव्युत्तर वर्गाचा अध्ययनसमूह कसा चालावा? गेली काही वर्षे आम्ही काही विद्यार्थ्यांसमवेत जी रीत अवलंबिली आहे ती सांगतो. आठवड्याला एकच उतारा घ्यावयाचा : एखादी लीळा, चार ओव्या, कथेतील एक परिच्छेद. तो टंकलिखित स्वरूपात पाठवावयाचा, म्हणजे संपर्क अशक्त असला तरी तो पोचतो. पाच-सहा जणांचा एक गट. प्रत्येकाने आपले वाचन आठ-दहा ओळींत लिहावे. लिहिणे शक्य नसेल तर बोलून ध्वनिमुद्रित करावे. त्यानंतर प्रत्येकाने दुसऱ्या एकाच्या वाचनाला उत्तर द्यावे. हे उत्तर कोणाला द्यावयाचे ते आधीच नेमून दिलेले असते. या नेमणुकीवर मी विशेष भर देतो. 'कोणीही प्रतिक्रिया द्यावी' असे म्हटले की कोणीच देत नाही, किंवा दोन बोलके विद्यार्थी सर्वांच्या वतीने बोलतात. आपल्या उत्तराची कोणी एक व्यक्ती वाट पाहते आहे, ही जाणीव विद्यार्थ्याला जितकी बांधते तितकी उपस्थितीची नोंद बांधत नाही. आठवड्याच्या शेवटी अध्यापकाने समारोप लिहावा. पण त्यात 'योग्य अर्थ' सांगून बाकीचे अर्थ निकालात काढू नयेत. कोणते वाचन संहितेच्या आधारावर उभे आहे, कोणते नाही, हे दाखवावे, आणि टिकणारी दोन वाचने परस्परविरोधी असतील तर दोन्ही नोंदवावीत. आम्ही या नोंदींना महानुभावांच्या अनुकरणाने 'वासना' म्हणतो. विद्यार्थ्यांना त्यात प्रारंभी गंमत वाटते, नंतर आपल्या नावाची वासना नोंदली जावी असेही वाटू लागते.

बोलून पाठविण्याची मुभा दिल्याचा परिणाम लक्षणीय आहे. लेखी भाषेत अडखळणारा विद्यार्थी बोलताना आपल्या बोलीत सहज अर्थ लावतो. जात्यावरच्या ओवीचे विवेचन करताना एका विद्यार्थिनीने आईची चाल गाऊन दाखविली आणि ती ओवी कोठे थांबते, कोठे वळते, हे त्या चालीवरून स्पष्ट केले. छापील समीक्षेत हे मिळाले नसते. याच संदर्भात स्मृतिस्थळातील एक प्रसंग आठवतो. केशोबासांनी संस्कृतची वाट धरली तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडविले. त्यांचे म्हणणे असे की परिवारातील वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानाला मुकतील. समूहातील सर्वांत दुर्बळ सदस्य कोण, हे पाहून माध्यम ठरविण्याचा हा निर्णय होता. आज माध्यम ठरते ते सर्वांत महागडे साधन ज्याच्याकडे आहे त्याच्या सोयीने, आणि वर त्या साधनातील सूचनाही बहुधा इंग्रजीत असतात.

अशा अध्ययनाला आधुनिक काळातही आपल्या विभागात पूर्वपीठिका आहे. १९६७ मध्ये तत्कालीन औरंगाबाद येथे मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात 'अस्मिता' हे नियतकालिक सुरू झाले आणि पुढे ते 'अस्मितादर्श' या नावाने गंगाधर पानतावणे यांनी दीर्घकाळ चालविले. खेड्यापाड्यांतून लिहू लागलेल्या दलित तरुणाला ज्या काळी गावात वाचक नव्हता, त्या काळी हे त्रैमासिक त्याचा वर्ग होते. लेखन टपालाने जाई, अंक टपालाने येई, अंकातल्या लेखाला पुढच्या अंकात उत्तर मिळे. मध्ये तीन महिने जात. या तीन महिन्यांनी समूह मोडला नाही, उलट प्रत्येक वाक्य तोलून लिहिण्याची सवय लागली.

या रीतीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. विद्यार्थ्याला परीक्षा द्यावयाची असते. बाजारात अपेक्षित प्रश्नसंच मिळतो. मग एका लीळेवर आठवडा घालविण्याची चैन त्याला परवडेल काय? यावर उपाय एकच दिसतो, तो म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण या देवघेवीला जोडणे. तेही स्वतःच्या वाचनापेक्षा दुसऱ्याला दिलेल्या उत्तराला अधिक. गुण दिल्याने संवाद कृत्रिम होतो, असे काही सहकारी म्हणतात. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तो होतोही. दुसरा आक्षेप अध्यापकाच्या श्रमांविषयीचा आहे. तीस विद्यार्थ्यांसमोर एक तास बोलणे सोपे; तीस वाचने ऐकून त्यांची संगती लावणे हे आठवड्याचे कित्येक तास खाणारे काम आहे आणि कार्यभाराच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाकडून ही अपेक्षा करणे तर निव्वळ निर्दयपणाचे ठरेल. विद्यापीठांनी संपर्कसत्राप्रमाणेच या कामाचेही तास धरले पाहिजेत, आणि जोवर ते धरले जात नाहीत तोवर गटांची संख्या अध्यापकाच्या शक्तीइतकीच ठेवावी.

तालुक्याचे अभ्यासकेंद्र बंद करण्याचेही काही कारण नाही. ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, एप्रिलच्या अखेरीस, गटातील सर्वांनी दोन दिवस प्रत्यक्ष एकत्र यावे, अशी आमची योजना असते. अंबाजोगाईला जमल्यास पासोडीचे दर्शन घ्यावे, गेवराईकडचे विद्यार्थी अधिक असल्यास पांचाळेश्वरला जावे. त्या बैठकीत वर्षभराच्या वासनांची वही वाचली जाते, काही नोंदी दुरुस्त होतात, काहींपुढे नवी भर पडते. पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात उतारा दिला जातो तो या वहीसह. त्यांनी सुरुवात करावयाची ती आधीच्यांपैकी कोणा एकाला उत्तर देऊन.